जुनी सबजेल अन् नदीकाठ फ्लॅटसाठी जातोय? हरकत अशी घ्या

आमच्या गावची जुनी सबजेल रिकामी पडलीये, मागच्या भिंतीला लागूनच नदी, आणि आता तिथं फ्लॅट होणार, पुढं गेट लागणार असं ऐकू येतंय. तुमच्याकडेही असं चालू झालं असेल तर मोर्चा नंतर, पहिले कागद गोळा करा.

सिटी सर्व्हे ऑफिसातून जागेचं प्रॉपर्टी कार्ड काढा, मालक म्हणून सरकारच आहे ना ते बघा. मग नगरपालिकेत डीपी प्लॅन, म्हणजे गावाचा विकास आराखडा बघा, जेलवर अन् काठावर आरक्षण कशाचंय. ते बदलून रहिवासी करायचं तर बहुतेकदा एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 ची नोटीस निघते आणि हरकतीला त्या तारखेपासून एकच महिना मिळतो. नोटीस पेपरात कोपऱ्यात बारीक छापून येते, आम्हाला कळलं तेव्हा 4 दिवस उरले होते, म्हणून एकाने रोज पेपर बघायचं अंगावर घ्या. माहिती अधिकाराचं उत्तर यायलाही 30 दिवस लागतात, म्हणजे नोटीस आल्यावर अर्ज करून उपयोग नाही, आजच टाका, 10 रुपये फी, 150 शब्दांच्या आत.

त्यात पूररेषेचा नकाशा मागा, तो जलसंपदा खात्याकडे असतो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या, आणि निळीच्या आत नवं बांधकाम सहसा चालत नाही. पांझरा नदीच्या पुराने 1872 ला धुळ्यात काय केलं ते गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हा-ग्रंथात आहे, त्या पानाची झेरॉक्स जोडा.

आता काठाचं. काठ लोकांचा आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, वहिवाट दाखवावी लागते. आम्ही घरोघरी कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या विसर्जनाचे फोटो मागितले, तर एका आजीने पत्र्याच्या पेटीतून असा फोटो काढून दिला की डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया जेलच्या भिंतीकडेच्या बोळीतून घाटावर उतरताहेत, मागं भिंतीचा काळा दगड स्पष्ट दिसतोय. रस्ता तिथूनच होता याला याच्यापेक्षा चांगला पुरावा नाही भाऊ. प्रत्येक फोटोमागे साल अन् देणाऱ्याची सही घ्या.

जेलबद्दल "ऐतिहासिक वास्तू आहे" एवढंच लिहू नका, कोण कधी आत होतं ते लिहा. धुळ्याच्या जेलात 1932 ला विनोबांनी गीतेवर 18 प्रवचनं दिली अन् साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे सगळ्यांना माहितीये कारण ते लिहिलं गेलं. तुमच्या जेलातले सत्याग्रही त्यांच्या घरच्यांकडून शोधा. आणि "कमान ठेवतो, मागं टॉवर बांधतो" याला हो म्हणू नका, कोठड्या अन् भिंत गेल्यावर कमान कशाची राहणार.

हरकतीत मागणी मोजून लिहा: घाटाचा रस्ता इतके मीटर, गेट नको, नकाशावर सार्वजनिक म्हणून दाखवा. खाली "मला प्रत्यक्ष सुनावणी हवी" हे वाक्य टाका, दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का अन् आवक नंबर पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.