गावरस्त्यावरच्या छोट्या गाडीला रिम आणि टायर कोणत्या मापाचे टाकावेत

अल्टो, वॅगन आर, टियागो, स्विफ्ट अशा गाडीचे मूळ टायर झिजले की दुकानात पहिला सल्ला मिळतो, "एक-दोन इंच मोठे अलॉय टाका, गाडी भारदस्त दिसते." शहरातल्या सिमेंट रोडवरच फिरणाऱ्या गाडीला ते चालूनही जाईल. पण जी गाडी डांबरी सोडून मुरमावर उतरते, रपटा ओलांडते आणि पांदणीने थेट शेताच्या धुऱ्यापर्यंत जाते, तिचं माप ठरवताना सगळ्यात आधी बघायचं ते टायरची भिंत किती उंच राहते. रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये तेवढंच रबर आणि तेवढीच हवा असते.

हिशेब सोपा आहे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. टायरवर १५५/८० आर१३ असं लिहिलेलं असेल तर १५५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, आणि १३ हा रिमचा व्यास इंचांत. भिंत झाली १५५ × ०.८० = १२४ मिमी. रिम १३ × २५.४ = ३३० मिमी. त्यात भिंत दोनदा मिळवा, टायरचा पूर्ण व्यास ५७८ मिमी. आता या मापाऐवजी दुकानदार जी मापं सुचवतो ती शेजारी मांडून बघा:

१६५/७० आर१४: भिंत ११५, व्यास ५८७, फरक +१.५ टक्के
१७५/६५ आर१४: भिंत ११४, व्यास ५८३, फरक +०.८ टक्के
१७५/६० आर१५: भिंत १०५, व्यास ५९१, फरक +२.२ टक्के
१८५/५५ आर१५: भिंत १०२, व्यास ५८५, फरक +१.१ टक्के
१७५/७० आर१४: भिंत १२२, व्यास ६०१, फरक +३.९ टक्के

पूर्ण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा सर्वमान्य नियम. गावाकडच्या गाडीला वरच्या बाजूने दोन टक्क्यांवर थांबलेलं बरं, कारण इथे चिखलाला जागा ठेवावी लागते. नुसता टक्का बघून मात्र फसायला होतं. १८५/५५ आर१५ चा टक्का छान दिसतो, पण भिंत १२४ वरून १०२ वर आली, म्हणजे २२ मिमी गेली. गिट्टी उघडी पडलेल्या रस्त्यावर याच टायरच्या भिंतीला फुगा येतो, कारण खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात भिंत चिमटून आतले धागे तुटतात. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

शेवटचं माप, १७५/७० आर१४, सगळ्यांना मोहात पाडतं. भिंत जवळपास तेवढीच आणि गाडी उंच. प्रत्यक्षात जमिनीपासूनची उंची व्यासातल्या फरकाच्या निम्म्यानेच वाढते. इथे २३ मिमीचा फरक म्हणजे उंची वाढली जेमतेम ११ मिमी. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) वाचवायला तेवढं पुरत नाही. बदल्यात पहिल्या गियरमध्ये चढावर गाडी जड वाटते, काटा १०० दाखवतो तेव्हा चाक आधीपेक्षा जवळपास चार टक्के जास्त धावत असतं, आणि ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतं म्हणून मायलेज खरोखर घटलं त्याहून जास्त घटल्यासारखं दिसतं. पूर्ण स्टिअरिंग वळवलं की आतल्या प्लास्टिक लायनरला टायर घासतो तो वेगळाच.

सगळ्यात भरवशाचा रस्ता कंपनीनेच आखून दिलेला असतो. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कोणतं माप येतं ते बघा. स्विफ्टचं उदाहरण घ्या. खालच्या व्हेरियंटला १६५/८० आर१४, वरच्याला १८५/६५ आर१५. पहिल्याचा व्यास ६२०, दुसऱ्याचा ६२२, फरक फक्त दोन मिमी. नव्या वॅगन आरलाही १५५/८० आर१३ आणि १६५/७० आर१४ ही दोन्ही मापं कंपनीची आहेत. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मापं आणि हवेचा दाब दोन्ही असतात. दुसरा फायदा कागदाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या तपशिलाबाहेरच्या बदलांना आडवं येतं, आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेयरने टायरचं माप टिपून घेतलं की वाद नको.

आमचा कल असा: रोज वीस-तीस किलोमीटर कच्चा किंवा उखडलेला रस्ता असेल तर मूळ माप ठेवा, किंवा १३ वरून १४ वर या, त्यापुढे नको. स्विफ्ट-डिझायरसारख्या गाडीला गावरस्त्यासाठी १४ इंचीच बरं, कारण १३२ मिमीची भिंत १५ इंचीत १२० होते. १६ इंची विचारूच नका. आणखी एक व्यवहाराची गोष्ट बघा, ते माप तालुक्याच्या दुकानात रॅकवर आहे का? १५५/८० आर१३, १६५/८० आर१४, १८५/६५ आर१५ सहसा मिळून जातात. १८५/५५ आर१५ चा एक टायर फाटला तर नागपूर-अमरावतीहून मागवेपर्यंत गाडी अंगणात उभी.

रिम घेताना फसवणूक मापात कमी आणि बसण्यात जास्त होते. पहिलं पीसीडी, म्हणजे नट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. चार नटांच्या गाडीत समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की कळतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या ४×१००, म्हणजे चार नट आणि १०० मिमीचं वर्तुळ, अशा आहेत. क्विडला नटच तीन आहेत, तिचं वेगळं. जुन्या बाजारातून रिम घेत असाल तर फियाटच्या ४×९८ रिमपासून सांभाळा. दोन मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, रिम ओढूनताणून बसतोही, पण नटाचा शंकू एका बाजूनेच टेकतो आणि नट पुन्हापुन्हा सैल होतात.

दुसरं, मधलं भोक. रिमचं हे भोक गाडीच्या ज्या गोल उंचवट्यावर बसतं ते हब. मारुती आणि ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांचं हब ५४.१ मिमीचं असतं. बाहेरचे अलॉय सगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून ६७.१ किंवा ७३.१ मिमीचं भोक ठेवतात. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती न टाकता चाक नुसतं नटांवर तोललं तर ७०-८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि कितीही वेळा बॅलन्सिंग करा, जात नाही. रिंग ॲल्युमिनियमची घ्या. चिखलदऱ्याच्या उतारावर ब्रेक तापले की प्लास्टिकची मऊ पडते.

तिसरी गोष्ट नटांची, आणि इथे घाई करू नका. मारुतीच्या बोल्टाचा आटा एम१२ × १.२५ असतो, म्हणजे बोल्ट १२ मिमी जाड आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी; ह्युंदाईचा एम१२ × १.५. दोन्ही नट एकाच डब्यात पडलेले असतात आणि सारखेच दिसतात. मारुतीच्या बोल्टावर ह्युंदाईचा नट हाताने एक-दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे दुकानातल्या पोराने इम्पॅक्ट गन लावली की आटा चिरडत नट आत शिरतो आणि वरून घट्ट वाटतो. पुढच्या पंक्चरला तोच बोल्ट तुटतो, तोही रस्त्यावर. म्हणून समोर उभं राहून प्रत्येक नट आधी हाताने फिरवायला लावा. १.२५ च्या आट्यावर निदान दहा फेरे, १.५ च्या आट्यावर निदान आठ फेरे गेले पाहिजेत, म्हणजे बारा मिमी बोल्टाला बारा मिमी पकड मिळते. फेरे कमी भरत असतील तर अलॉयचा पाया जाड आहे, तो रिम नको. शंकू ६० अंशांचाच हवा. रिम बाहेर काढायला स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली चकती) लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

चौथं ऑफसेट, रिमवर ईटी पुढे कोरलेला आकडा. रिम हबला जिथे टेकतो ती जागा रिमच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते तो सांगतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत तो साधारण ३५ ते ४५ असतो. समजा मूळ रिम ५जे (म्हणजे ५ इंच रुंद) ईटी४० आहे आणि नवा ६जे ईटी३५ घेतला. रुंदी एक इंच वाढली, तिचा निम्मा, १२.७ मिमी, दोन्ही बाजूंना गेला. ऑफसेट पाचने घटला म्हणून चाक आणखी ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणजे बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर आली आणि आतली ७.७ मिमी आत गेली. बाहेर आलेलं चाक मडगार्डच्या कडेला घासतं, सगळा चिखल दारावर उडवतं आणि बेअरिंगवर जास्त भार टाकतं. आत गेलेलं चाक शॉकॲब्सॉर्बरला लागू शकतं. रुंदी अर्ध्या इंचापेक्षा जास्त वाढवू नका आणि ईटी मूळ आकड्याच्या पाच मिमीच्या आत ठेवा. १६५/७० ला ५जे, १८५/६५ ला ५.५जे अगदी योग्य.

अलॉय की लोखंडी? गावासाठी लोखंडी. खड्ड्यात लोखंडी रिमची कड वाकते आणि ठोकून सरळ करता येते. अलॉयला तडा जातो, हवा हळूहळू उतरते, आणि आर्गन वेल्डिंग केलेल्या रिमवर पोरंबाळं बसवून गाडी चालवू नये. अलॉयच हवे असतील तर मागच्या बाजूला भार सोसण्याचा आकडा कोरलेला आहे का ते बघा आणि रिम धान्याच्या काट्यावर ठेवून मूळ रिमशी वजन ताडा. मूळ लोखंडीपेक्षा जड निघाला तर दिसण्यापलीकडे हाती काही लागत नाही.

आता काळ्या मातीबद्दल. पाऊस पडल्यावर रुंद टायर चांगली पकड देईल हा समज चुकीचा आहे. डांबरावर वाहून आलेल्या पातळ चिखलात अरुंद टायर थर कापून खालच्या टणक भागाला टेकतो, रुंद टायर वरच तरंगतो. खोल रेगडीत तर रस्त्याच्या कुठल्याही टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून जातात, तिथे माप कामाचं नाही, गाडी डांबरीवर उभी करून पायी जाणंच बरं. टायर आणि लायनर यांच्यात निदान २० ते २५ मिमी मोकळी जागा ठेवा. नाहीतर माती तिथे दाबून बसते, वाळते, आणि लायनर क्लिपांसकट फाडून काढते. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला लादा वाळला की बॅलन्स बिघडतो. स्टिअरिंग थरथरलं की दुकान गाठण्याआधी चाकाची आतली बाजू धुऊन बघा. अलॉयला बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवतात, ती मातीसोबत निघून जातात, म्हणून चिकटवण्याआधी ती जागा पेट्रोलने पुसून कोरडी करायला सांगा.

वेचणी संपल्यावर शेतात गाडी घालणाऱ्यांनी पऱ्हाटीचे आणि तुरीचे खुंट लक्षात ठेवावेत. तिरपा छाटलेला खुंट भिंतीत शिरतो, आणि भिंतीचं पंक्चर भरवशाने निघत नाही. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर आधी सापडतो.

टायरवर मापाच्या पुढे लिहिलेला भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. ७५ म्हणजे एका टायरवर ३८७ किलो, ७९ म्हणजे ४३७, ८१ म्हणजे ४६२, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. सीएनजीची टाकी मागे असताना चार माणसं आणि सोयाबीनचे दोन कट्टे टाकले की मागच्या टायरांना याचा अर्थ कळतो. टायरवर आयएसआय चिन्ह आणि चार आकडी तारीख बघा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन उन्हाळे काढलेला टायर नवा म्हणून घेऊ नका, चंद्रपूर-अकोल्याचं ऊन रबराला वापर नसतानाही कडक करतं.

हवा सकाळी, गाडी गार असताना, स्टिकरवरच्या आकड्याइतकी. तापमान साधारण सहा अंश वाढलं की दाब एक पीएसआयने चढतो, त्यामुळे भर मे महिन्यात दुपारी गेज चार-पाच पीएसआय जास्त दाखवणारच. ती हवा सोडू नका. सोडलेल्या हवेनिशी समृद्धीवर १२० ने गेलं की भिंत जास्त वाकते, जास्त तापते, आणि टायर फुटण्याचं ते मोठं कारण आहे.

चारही टायर घेण्याआधी एकच चाक पुढे बसवून बघा. मडगार्डच्या आतल्या कडेला आणि लायनरला खडूने रेघा ओढा. शॉकॲब्सॉर्बर आणि टायर यांच्यात करंगळी सहज जायला हवी. चार माणसं बसवा, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवा, एखाद्या रपट्यावरून हळू उतरा. मग तेच चाक मागे लावून पुन्हा. जिथली रेघ पुसली तिथे टायर लागतो. कड ठोकून जागा करण्यापेक्षा माप बदला.

बसवल्यावर नट समोरासमोरच्या जोडीने, टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्याला आवळा. छोट्या गाड्यांत तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या.

स्टेपनी जुन्या मापाची राहणार असेल तर तिचे जुने नट एका पिशवीत पान्याजवळ ठेवा, कारण अलॉयचे नट लोखंडी रिमला नीट बसतीलच असं नाही. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चाक पुढे घ्या, स्टेपनी मागे लावा, आणि ८० च्या आत राहून पंक्चरवाल्यापर्यंत जा.