घरच्या सुतारकामाला स्प्रे आणि जुनी मशिनं: काय नवं घ्यायचं, काय जुनं

घरी सुतारकामाची खोली उभी करताना पैसे बहुतेकदा उलटे खर्च होतात. पत्र्याच्या बॉडीचं नवं कोरं टेबल सॉ येतं आणि कॉम्प्रेसर मात्र कुठल्या तरी बंद पडलेल्या गॅरेजमधून उचललेला असतो. खरं तर हे अगदी उलट हवं. बिडाचं मशीन तीस वर्षं जुनं असलं तरी बेअरिंग, पाती आणि पट्टा बदलला की पुन्हा कामाला लागतं. ज्यातून हवा जाते आणि जे आपल्या नाकातोंडाशी येतं, म्हणजे कॉम्प्रेसरची टाकी, फिल्टर, नळी, मास्क, ते नवंच घ्यावं.

आधी हवा, मग गन

गन कितीही भारी आणा, तिला पुरेशी हवा मिळाली नाही तर थेंब जाड पडतात आणि पॉलिश संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत दिसतं. म्हणून निवड कॉम्प्रेसरपासून करायची.

एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमध्ये एअर कॅपपाशी, म्हणजे गनच्या तोंडावरच्या टोपीपाशी, दाब १० पीएसआयच्या आत असतो आणि हवा भरपूर. माल लाकडावर जास्त बसतो, हवेत कमी उडतो. घरच्या खोलीत याचं महत्त्व मोठं आहे. पण अशी गन साधारण ८ ते १४ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा मागते, आणि सिंगल फेजवर चालणारा २ एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर प्रत्यक्षात ५-६ सीएफएमच देतो. खोक्यावर आकडा मोठा दिसतो, कारण तिथे पिस्टनचं डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन हिशेबाने ढकलतो ती हवा, छापलेलं असतं. बाहेर पडणारी हवा त्याच्या साधारण दोन तृतीयांश ते पाऊण धरावी. विचारायचा आकडा ‘एफएडी’चा, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेचा.

दुकानदाराला आकडा सांगता आला नाही तर दुकानातच मोजा. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून टाकीतला दाब ६ बारवरून ८ बारवर जायला किती सेकंद लागतात ते बघा. टाकी १०० लिटरची असेल तर २ बार वाढले म्हणजे २०० लिटर हवा भरली. त्याला ७० सेकंद लागले तर मिनिटाला १७१ लिटर. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून भागिले २८.३, म्हणजे ६ सीएफएम.

आता या कॉम्प्रेसरवर १० सीएफएमची गन लावली तर? ८ बारवर सुरुवात केली, मोटर ६ बारला सुरू झाली, तर ४ बारपर्यंत यायला सलग फवाऱ्याची जेमतेम अडीच मिनिटं मिळतात. कपाटाच्या दाराची एक बाजू तेवढ्यात आरामात होते. सहा माणसांच्या डायनिंग टेबलाचा वरचा भाग एका दमात करताना मात्र शेवटच्या पट्ट्यात दाब पडतो आणि नेमकी तिथेच साल उठते. यावर सोपा उपाय म्हणजे ४ ते ६ सीएफएमवर चालणारी, वर कप असलेली ग्रॅव्हिटी गन घेणं. घरच्या कामाला आमची पहिली पसंती हीच: २ एचपी बेल्टवाला कॉम्प्रेसर, किमान १०० लिटरची टाकी आणि कमी हवा खाणारी ग्रॅव्हिटी गन. डायरेक्ट ड्राइव्हचा छोटा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर २८०० आरपीएमवर किंचाळतो, पटकन तापतो. तो खिळ्यांच्या गनला ठीक, पॉलिशला नाही.

खाली कप असलेली सक्शन गन पॉलिशवाल्यांच्या हातात सर्रास दिसते. ती उघड्या अंगणात उत्तम चालते, पण दहा बाय बाराच्या खोलीत तिचा निम्म्याहून जास्त माल भिंतीवर आणि फुप्फुसात जातो. टर्बाइन सेट स्वतःच्या पंख्याने हवा देतो, त्याला कॉम्प्रेसर लागत नाही आणि हवा कोरडी मिळते, मात्र दोन स्टेजचं (एकामागे एक दोन पंख्यांचं) टर्बाइन जाड माल नीट फोडत नाही. घ्यायचंच तर तीन किंवा चार स्टेजचं. हातात धरायची इलेक्ट्रिक गन पाण्यावरच्या रंगापुरती बरी.

नोझल: लॅकर, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच्या वरच्या कोटाला १.३ किंवा १.४ मिमी. सीलर आणि प्रायमरला १.७ किंवा १.८. पाण्यावरचं फिनिश मारायचं असेल तर नोझल आणि सुई स्टेनलेसचीच हवी, नाहीतर आतून गंज धरतो आणि पांढऱ्या रंगात पिवळे ठिपके येतात.

नळी आणि पाणी

दुकानात गुंडाळी असलेली निळी पीयू नळी गळ्यात मारतात. तिचं आतलं भोक ५-६ मिमी असतं आणि तिथेच गनचा श्वास कोंडतो. आतून १० मिमी व्यासाची रबरी नळी घ्या, दहा मीटरपेक्षा लांब नको. क्विक कपलरही मोठ्या भोकाचे बघून घ्या. दाब कॉम्प्रेसरच्या मीटरवर न बघता गनच्या मुठीखाली छोटा गेज लावून, ट्रिगर दाबलेला असताना वाचायचा. एचव्हीएलपीला तिथे साधारण २ बार लागतात. कॉम्प्रेसरवर ४ बार दिसत असतानाही इथे दीडच मिळत असतो, आणि लोक उगाच माल पातळ करत बसतात.

एफआरएल युनिट मागितलं की फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर असा तिहेरी सेट हातात येतो. त्यातला ल्युब्रिकेटर हवेत तेल सोडतो. न्युमॅटिक पान्याला ते हवं असतं, पॉलिशला मात्र विष. एकदा त्या तेलाचं बोट नळीला लागलं की प्रत्येक कोटात गोल खड्डे, म्हणजे फिशआय, पडत राहतात आणि ती नळी फेकूनच द्यावी लागते. फक्त ‘एफआर’ मागा, आणि तो कॉम्प्रेसरला चिकटून न लावता काही मीटर पाइपनंतर लावा. हवा गार झाल्याशिवाय तिच्यातलं पाणी वेगळं होत नाही. टाकीचा तळाचा कॉक रोज काम संपल्यावर उघडायचा.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर लॅकर मारायचं म्हणजे पैज लावण्यासारखंच. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि कोट दुधाळ पडतो. रिटार्डर थिनर थोडा मिसळला तर उडणं मंदावतं आणि बऱ्याचदा काम निभतं. आधीच दुधाळ झालेल्या कोटावर रिटार्डरचा हलका फवारा मारला तरी तो उतरतो. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी काचपेपर मारत बसावं.

गन लावून बघताना

माल आधी गाळून घ्या, आणि पातळ किती करायचा ते डब्यावर लिहिलेल्या सेकंदांप्रमाणे फोर्ड कप बी-४ ने, म्हणजे तळाला भोक असलेल्या मापाच्या कपाने, तो रिकामा व्हायला लागणारा वेळ मोजा. डोळ्यांनी अंदाज करणारे जुने कारागीर चुकत नाहीत, पण तो हात बसायला वर्षं जातात. मग पुठ्ठ्यावर एक झटका मारा. पट्टा मध्येच दाट आणि टोकांना विरळ असेल तर हवा कमी आहे किंवा माल जाड. मध्ये विरळ आणि दोन्ही टोकांना दाट असेल तर हवा जास्त. एकाच बाजूला झुकला असेल तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा: पट्टा उलटा झाला तर कॅपच्या भोकात माल अडकलाय, तसाच राहिला तर दोष नोझलमध्ये. गन थुंकत असेल तर नोझल सैल आहे किंवा सुईचं पॅकिंग सुकलंय. भोकं तारेने टोकरू नका. थिनरमध्ये भिजवून मऊ ब्रश किंवा टूथपिक वापरा.

गन लाकडापासून सहा ते आठ इंच, सरळ काटकोनात, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. मनगट वळवत मारलं की कडेला कोरडं आणि मध्ये ओघळ.

मास्कच्या बाबतीत काटकसर नको. धुळीचा कापडी किंवा एन-९५ मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला रबरी हाफ-मास्क आणि पुढे धुळीचा प्री-फिल्टर, एवढं किमान. दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते धोकादायक पातळीला पोचलं तरी वास येत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपली हे कळत नाही, आणि एकदा दमा जडला की पुढे थोड्याशा वाफेनेही उसळतो. कारखान्यात त्यासाठी बाहेरून ताजी हवा देणारा मास्क वापरतात. फ्लॅटच्या बाल्कनीत दोन भागांचं पीयू मारूच नये. त्यापेक्षा पाण्यावरचं पीयू घ्या. एक्झॉस्टची साधी मोटर वाफेच्या वाटेत ठेवली तर ठिणगीने पेट घेऊ शकतो. मोटर बाहेर, पंखा पट्ट्यावर, किंवा सरळ फ्लेमप्रूफ मोटर.

जुनं मशीन बघताना

एमआयडीसीतले बंद होणारे फर्निचर कारखाने, पुण्यातल्या टिंबर मार्केटच्या आसपासच्या जुन्या गिरण्या, मुंबईत दारुखान्याचा भंगार बाजार अशा ठिकाणी माल मिळतो. कुठूनही घ्या, विकणाऱ्याच्या नावपत्त्यासह पावती घ्यायचीच. चोरीचा माल निघाला तर तेवढाच आधार.

ताज्या ऑइल पेंटने चमकणाऱ्या मशीनवर आधी संशय घ्या. रंगाखाली पुट्टी असते आणि पुट्टीखाली बिडाला गेलेली चीर. बॉडीवर छोट्या हातोडीने ठिकठिकाणी हलकं ठोका. सलग बीड खणखणीत वाजतं, चीर गेलेलं बद्द. शंका आली तर तेवढ्या जागेचा रंग खरवडा, रॉकेल किंवा डिझेल लावून दहा मिनिटं मुरू द्या, कापडाने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं तेल पुडीतून वर येतं आणि काळी रेघ आपोआप उमटते. टेबलच्या कोपऱ्यातली चीर चालवून घेता येते. बेअरिंगच्या घराजवळची किंवा बँड सॉच्या चाकातली असेल तर मशीन मोफत दिलं तरी नको.

सरफेस प्लॅनर, म्हणजे आपलं रंधा मशीन, बघताना सगळ्यात आधी कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता ठोकळा, बघा. चौकोनी असेल तर तिथूनच परत फिरा. पाती आणि टेबल यांच्यातल्या मोठ्या पोकळीत बोटं खोल ओढली जातात. गोल ब्लॉकच हवा. मग मेन स्विच काढून, पट्टा उतरवून ब्लॉक हाताने वर-खाली हलवा. कटकट जाणवली तर बेअरिंग गेलंय, पण त्याने घाबरू नका. ६२०४ ते ६२०६ नंबरची बेअरिंगं कुठल्याही शहरात मिळतात. खरा प्रश्न शाफ्टवरच्या बैठकीचा. बेअरिंग शाफ्टवर हाताने सरकत असेल तर टर्नरकडे शाफ्ट भरून घ्यावा लागतो आणि स्वस्त मशीन महाग पडतं.

टेबलसाठी एक मीटरची खात्रीची सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचा संच) घेऊन जा. दोन्ही टेबलं एका पातळीत आणून पट्टी लांबीत आणि तिरकी, दोन्ही कर्णांवर ठेवा. खाली ०.१५ मिमीचं पान सहज जात असेल तर टेबल वाकलंय किंवा डव्हटेल, म्हणजे टेबल सरकतं ती तिरकी खाच, झिजलंय. डव्हटेलची पट्टी कसून फरक गेला तर ठीक. थिकनेसरला, म्हणजे लाकूड एका जाडीचं करणाऱ्या मशीनला, एक सोपी परीक्षा पुरते: लाकडाच्या दोन सारख्या पट्ट्या बेडच्या दोन कडांनी एकदम सोडा आणि व्हर्निअरने मोजा. ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बेडचे स्क्रू जुळवता येतात का ते विचारा.

मोटरची नेमप्लेट नीट वाचा, कारण घरी थ्री फेज नसतो. ४१५ व्होल्टच्या ३ एचपीपर्यंतच्या मोटरींच्या आतल्या गुंडाळ्या बहुधा ‘स्टार’ पद्धतीने जोडलेल्या असतात; त्याच ‘डेल्टा’ पद्धतीने जोडल्या की मोटर २३० व्होल्टवर चालते. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं दिसली तर त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पत्त्यांची जागा बदलून डेल्टा करा आणि २३० व्होल्ट सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी लावा. तीनच टोकं असतील तर स्टार आतच बांधलेला असतो आणि मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागते. ५ एचपी आणि वरच्या मोटरी मुळातच डेल्टा, तिथे ही युक्ती चालत नाही. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकू नका. जहाजावरून आलेली मोटर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. आपल्या ५० हर्ट्झवर ती एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते.

जुना कॉम्प्रेसर का नको, तर टाकी आतून तळाला गंजते आणि बाहेरून काही दिसत नाही. वेल्डिंगचा ठिगळ दिसला तर विषयच संपला. हेड (टाकीवरचा पंप) चांगलं असेल तर हेड घ्या, टाकी नवी बसवा. जुनी गनसुद्धा घेऊ नका: घासलेली सुई आणि नोझल बदलायला नव्या गनएवढे पैसे जातात.

बारा इंची रंधा मशीनचं वजन तीन-चारशे किलोपर्यंत जातं. छोटा हत्तीत ते मावतं, पण उतरवायला चेन ब्लॉक आणि खाली रूळ म्हणून तीन लोखंडी पाइप लागतात. उचलायचा पट्टा बॉडीभोवती घाला, टेबलाला धरून कधीही उचलू नका. जागेवर बसवल्यावर पाणपातळीने समतल करा, अर्थिंग द्या, आणि कटर गार्ड नसेल (बहुतेक वेळा नसतोच) तर पहिल्यांदा चालवण्याआधी करवून घ्या. मग पाती आणि त्यांच्या पाचरी काढून मशीन अर्धा तास रिकामं फिरवा. बंद करून बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवा. हात टेकवून ठेवता येत नसेल तर ग्रीस जास्त भरलंय किंवा पट्टा फार ताणलाय. ते दुरुस्त करा, पुन्हा अर्धा तास फिरवा आणि मगच पाती बसवा.