घोडी फळवण्याआधी: जात पाहून करायची तयारी

घोडी फळवायची ठरली की बहुतेक जण आधी घोडा शोधायला निघतात. तो शोध थोडा थांबला तरी चालतो. आधी घोडीची वही काढा. मागच्या हंगामात ती कधी माजावर आली, माज किती दिवस टिकला, किती वेळा उलटली (गाभ न राहता पुन्हा माजावर आली), व्याली असेल तर दिवस किती भरले आणि वार किती वेळात पडली, हे सगळं एका पानावर उतरवून ठेवा. वही नसेल तर आजपासून सुरू करा. पुस्तकांतले आकडे, म्हणजे २१-२२ दिवसांचं चक्र, ५ ते ७ दिवसांचा माज, ३४० दिवसांच्या आसपासचा गाभणकाळ, हे मध्यम बांध्याच्या सवारीच्या घोडीला बरे बसतात. पोनीचं चक्र मात्र २४-२५ दिवसांपर्यंत लांबतं. मालकाने २१ दिवस धरून घोडा दाखवला, घोडीने लाथ झाडली आणि "राहिली वाटतं" म्हणून पुढची तपासणी सोडून दिली, की तो माज हातचा गेला. नंतर दोष घोडीवर येतो.

वहीबरोबरच वय आणि अंगावरचं मांस बघून घ्या. पंधरा वर्षांनंतर गाभ राहण्याचं प्रमाण सगळ्याच जातींत घसरतं. मांसाच्या बाबतीत मात्र जात आडवी येते. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची घोडी हंगामाच्या तोंडावर बहुधा रोडावलेली असते, तिला भरायला वेळ लागतो. पोनी आणि मिनिएचर (पोनीहूनही लहान जात) गवताच्या वासानेही सुटतात. त्यांना उतरवायचं असेल तर ते गाभण राहण्याआधीच, हळूहळू. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोनीचा खुराक एकदम तोडला, तर साठलेली चरबी रक्तात उतरते आणि यकृत बसतं. हा आजार जीवघेणा आहे.

पुढची गोष्ट दिव्याची, आणि ती सगळ्यांसाठी नाही. घोडी हे मोठ्या दिवसांचं जनावर. दिवस लांबले की मेंदूतलं मेलाटोनिन (अंधारात स्रवणारं संप्रेरक) कमी होतं आणि अंडाशय जागे होतात. उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, दक्षिण गोलार्धात १ ऑगस्टला, म्हणून शर्यतीवाल्यांना शिंगरू वर्षाच्या सुरुवातीलाच हवं असतं. त्यांनी घोडी दाखवायच्या दोन-अडीच महिने आधी तबेल्यात दिवा लावावा, नैसर्गिक उजेड धरून एकूण १६ तास. वाढीव उजेड संध्याकाळी द्यायचा. नुसता पहाटे दिला तर काम होत नाही. उजेड पुरेसा आहे का, हे बघायला तबेल्याच्या कोपऱ्यात उभं राहून वर्तमानपत्र वाचता येतंय का ते पाहावं. ज्यांच्या जातीला अशा वाढदिवसाचं बंधन नाही त्यांनी हा खटाटोप का करावा, हे मला कळलेलं नाही. वसंतात घोडी आपण होऊन येते. फक्त हंगामाच्या तोंडाशी येणारे पहिले लांबलचक माज फसवे असतात. दोन-दोन आठवडे घोडी शेपूट वर करते आणि बीज सुटतच नाही. एकदा बीज सुटल्याचं सोनोग्राफीत दिसल्याशिवाय घोड्याचे पैसे खर्चू नका.

आता माज ओळखण्याची तयारी. इथे घाई नको. मधे भक्कम, उंच फळ्यांचं कुंपण हवं, पलीकडे सभ्य घोडा आणि घोडीच्या डोक्याशी तिच्या सवयीचा माणूस. माजावरची घोडी मागचे पाय फाकवून थोडी बसते, शेपूट बाजूला उचलते, थोडंथोडं मुतते आणि योनीचे ओठ उघडझाप करते. माज नसेल तर कान मागे, किंचाळी, लाथ. इतकं सरळ असतं तर वही कशाला लागली असती! गरम रक्ताची घोडी, थरोब्रेड किंवा अरबी, माजावर असूनही पहिली दोन-तीन मिनिटं किंचाळते आणि मग विरघळते. तोवर अधीर मालक तिला परत नेऊन बांधतो. उलट थंड स्वभावाची जड घोडी कुठल्याही दिवशी घोड्याला हुंगू देते. तिचं नुसतं शांत उभं राहणं म्हणजे माज नव्हे. बसणं, मुतणं, उघडझाप यांपैकी काहीतरी दिसायलाच हवं. शिंगरू पायाशी असेल तर कुठल्याही जातीची घोडी माज लपवते. शिंगरू धरून तिच्या नजरेसमोर ठेवलं की फरक पडतो. गाढवी सांभाळत असाल तर तिची खूण निराळी. मान पुढे काढून ती तोंडाची उघडझाप करते, जबडा वाजतो. हे बघून तिला दात दुखतोय असं समजणारे भेटतात. आणि अंडाशय काढलेली घोडीही कधीकधी घोड्यासमोर माजाच्या सगळ्या खुणा करते, तेव्हा वागण्यावर पूर्ण विसंबू नये.

म्हणून डॉक्टर आणि सोनोग्राफीच्या तारखा आधी ठरवून ठेवा. डॉक्टरांना जात आणि फॉलिकलची (अंडाशयातल्या बीजाच्या पिशवीची) मागची मापं दोन्ही सांगा. फॉलिकल ३५ मिलिमीटरचं झालं की बीज सोडवणारं इंजेक्शन द्यायचं, असा ठोकताळा आहे. पण लहान पोनी आणि मिनिएचरमध्ये त्याहून लहान फॉलिकलही फुटतं, आणि जड घोड्यांत किंवा फ्रिजियन जातीत ते बरंच मोठं होऊन मग फुटतं. ३५ ची वाट बघत बसाल तर पोनीचं बीज सुटून गेलेलं असेल. ताज्या वीर्याला किंवा प्रत्यक्ष घोड्याला दोन दिवसांचा अवधी मिळतो. गोठवलेल्या वीर्याला तासांचा हिशेब लागतो, तिथे ही चूक महागात पडते. थरोब्रेडवाल्यांना हा प्रश्नच नाही, कारण त्यांच्या नोंदवहीत फक्त प्रत्यक्ष घोड्यापासूनचं शिंगरू चालतं.

आता घोडा निवडा, पण केसांचे नमुने तपासायला पाठवून मगच. क्वार्टर हॉर्समध्ये ग्लायकोजेन साठवणीचा एक जनुकदोष आहे. आई-बाप दोघेही वाहक असतील तर चारात एक गर्भ मरतो, कधी पोटातच, आणि घोडी उगाच "गाभडणारी" ठरते. अरबीत प्रतिकारशक्तीच नसलेलं शिंगरू जन्मणं, पेंट घोड्यांत फ्रेम (अंगावर पांढऱ्या ठशांच्या एका) रंगाच्या जोडीतून आतडं न चालणारं पांढरं शिंगरू, वॉर्मब्लडमध्ये (खेळासाठीच्या युरोपीय घोड्यांत) फाटक्या कातडीचा दोष, या सगळ्यांच्या चाचण्या आहेत. घोडा घोडीपेक्षा मोठा असेल तर शिंगरू अडकेल का, ही भीती नेहमी विचारली जाते. केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ मध्ये शायर (अवजड ओढकाम करणारी जात) आणि शेटलँड (बुटकी पोनी) यांचा दोन्ही बाजूंनी संकर करून दाखवला: शेटलँड आईच्या पोटी शायर बापाचं शिंगरूही तिला झेपेल एवढंच जन्मलं. गर्भाशय आकाराला लगाम घालतं. तरी मी पहिलटकरणीला अवाढव्य घोडा लावणार नाही, कारण घोडा चढताना घोडीला होणाऱ्या इजेला हा लगाम लागू नाही.

गाभ राहिल्यावर १४ ते १६ दिवसांच्या आत जुळं तपासून घ्या. थरोब्रेड आणि जड घोड्यांत दोन बीजं सुटणं बऱ्यापैकी आढळतं, पोनीत क्वचित. सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भ एका जागी स्थिरावतात. त्याआधी डॉक्टर एक गर्भ दाबून काढू शकतात, नंतर ते अवघड होतं. दोन्ही ठेवले तर बहुतेक वेळा दोन्ही जातात.

विण्याच्या सामानातही जातीप्रमाणे भर घाला. वार तीन तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवायचं, हा नियम सगळ्यांना सारखा. पण एरवी शंभरात दोन ते दहा घोड्यांची वार अडकते, तर फ्रिजियनच्या एका अभ्यासात हे प्रमाण निम्म्याच्या वर निघालं. फ्रिजियन व्यायला आली की डॉक्टरांना आदल्या आठवड्यातच सांगून ठेवावं, वार ओढू नये, आणि पडली की बादलीत ठेवून पूर्ण आहे का ते बघावं. मिनिएचरची शिंगरं कपाळाने मोठी असतात, अडतात. तिथे रात्रपाळी चुकवू नका.

घोडीला गाढव लावलं असेल, विशेषतः आधी खेचर दिलेल्या घोडीला, तर शेवटच्या दोन आठवड्यांत तिचं रक्त तपासून घ्या. तिच्या चिकातली प्रतिद्रव्यं खेचराच्या लाल पेशी फोडू शकतात. तसं निघालं तर शिंगराला पहिला दीड-दोन दिवस मुसकं, आईची कास सतत पिळून टाकायची, आणि दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक तयार. तो कोमट पाण्यात वितळवायचा, उकळत्या नाही.