उतारवयात केस लांब ठेवावेत का, हे कसे ठरवावे

पन्नाशी उलटली की एकीकडून ‘आता या वयात एवढी वेणी कशाला’ आणि दुसरीकडून ‘बाईमाणसाने केसांना कात्री लावू नये’ असे दोन्ही बाजूंनी ऐकू येते. या दोन्ही बोलण्यांना फारसे महत्त्व न देता, आपल्या केसांची जाडी, गावातले पाणी आणि स्वतःच्या हातांची ताकद या तीन गोष्टी पाहून निर्णय घ्यावा.

न्हाऊन केस पूर्ण वाळले की ते उजेडात मोकळे सोडून भांग पाहावा. पाळी गेल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन कमी होते, केस बारीक होतात आणि प्रत्येक केसाचा वाढीचा काळही आखूड होतो. त्यामुळे भांग रुंद दिसू लागतो. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक पाच-सहा वर्षांचे जुने असते. वेणी मुळाशी जाड आणि शेवटी उंदराच्या शेपटीसारखी झाली असेल, तर तेवढा भाग राखण्यात अर्थ नाही. वेणी शेवटपर्यंत भरलेली असेल, तर वय साठ असो की सत्तर, ती खुशाल राखावी. मात्र खांदा आखडल्यामुळे हात मागे जात नसेल आणि विंचरायला रोज सुनेची वाट पाहावी लागत असेल, तर लांबी कमी केलेली बरी.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात हा विचार अधिक करावा लागतो. तेथील बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि साबणाचा चिकट थर केसांवर बसून ते राठ होतात. अशा पाण्याने न्हाताना अंगाचा साबण डोक्याला लावू नये. सौम्य शाम्पू वापरावा आणि शेवटचा तांब्या शक्य असल्यास नळयोजनेच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घ्यावा. न्हाण्यापूर्वी तासभर खोबरेल लावल्यास केसांची झीज कमी होते. जवसाचे तेल आपल्याकडे घरोघरी असले, तरी ते वाळताना चिकट होते, म्हणून ते चटणीपुरतेच ठेवावे.

वैशाखात पारा 45 अंशांवर गेला की दाट अंबाड्याखाली घाम मुरतो आणि डोके खाजते. ओल्या केसांचा बुचडा बांधून शेतावर जाण्याची घाई करू नये. बुचडा रोज एकाच जागी घट्ट आवळल्यास कपाळाकडचे केस ओढले जाऊन कायमचे जाऊ शकतात. म्हणून तो कधी वर, कधी मानेवर, सैलसर बांधावा. सोयाबीन काढणीच्या वेळी थ्रेशरजवळ लोंबती वेणी जिवावर बेतू शकते. तेथे वेणी गुंडाळून पदराखाली किंवा रुमालात पक्की बांधल्याशिवाय उभे राहू नये. लांब केस राखणाऱ्या बाईसाठी हा नियम तेल-पाण्यापेक्षा मोठा आहे.

दीर्घ आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे लांब केस विंचरले गेले नाहीत, तर घाम, तेल आणि धूळ मिसळून त्यांची जट होते. ती देवीची आहे म्हणून सांभाळणे चुकीचे आहे. गुंता सुटत नसेल तर तो सरळ कापून टाकावा, आणि आजारपण लांबणार असे दिसताच केस आधीच आखूड करावेत.

केस अचानक मुठीने गळू लागले, तर कात्री घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना थायरॉइडच्या तपासणीबद्दल विचारावे. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुधा आपोआप थांबते.

कापायचेच ठरले, तर एकदम मानेपर्यंत येऊ नये. केस कोरडे असताना विंचरून आधी चार बोटे कापावेत, महिनाभर पाहावे आणि मग पुढचे ठरवावे. अंबाड्याची सवय असलेल्या बाईने पाठीच्या फऱ्यापर्यंतची लांबी ठेवावी. तेवढ्यात दोन आकड्यांनी अंबाडा टिकतो आणि न्हाल्यावर केस दुपारपर्यंत वाळतातही.