ब्रूगलच्या पंगतीत नवरदेव शोधताय? जुनी फ्लेमिश-डच चित्रं पाहताना या चुका टाळा

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकाराचं, थोरल्या पीटर ब्रूगलचं ‘शेतकऱ्याचं लग्न’ आहे, साधारण १५६७-६८ सालचं. ते पहिल्यांदा पाहणारा हमखास नवरदेव शोधायला लागतो. मीही शोधला. नवरी लगेच सापडते: हिरवट कापडासमोर, डोक्यावर कागदी मुकुट टांगलेला, काही न खाता हात जुळवून बसलेली. नवरा कोणता, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. तेव्हा त्याचा नाद सोडा आणि वाढप्यांकडे बघा. दोघं ताटल्या वाहून नेतायत ते बिजागरीतून काढलेलं दार आहे, खाली दांडे घातलेत. एकाने टोपीत चमचा खोचलाय. मागची पिवळसर भिंत मातीची वाटते, पण ती रचलेली गंजी आहे. तिच्यावर दाताळ्याला दोन पेंढ्या अडकवल्यात, म्हणजे सुगी उरकलीय आणि पंगत कोठारात बसलीय. बॅगपाइपवाला तर वाजवायचं सोडून ताटल्यांकडे टक लावून बघतोय. आपल्या लग्नातल्या उपाशी सनईवाल्याची आठवण यावी असा.

दुसरी चूक म्हणजे याला फोटो समजणं. ‘शेतकरी ब्रूगल’ या टोपणनावामुळे तो गावकडचा गडी वाटतो. प्रत्यक्षात तो १५५१ मध्ये अँटवर्पच्या चित्रकार-संघात दाखल झालेला, इटली फिरून आलेला शहरी माणूस. गिऱ्हाइकंही शहरी आणि पैसेवाली. निकोलास योंगेलिंक या एकट्याकडे त्याची सोळा चित्रं होती. ब्रूगल वेष पालटून खेड्यातल्या लग्नांना जायचा, ही गोष्ट चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल फान मांडरने लिहिली १६०४ मध्ये, ब्रूगल वारल्यावर पस्तीस वर्षांनी. गोष्ट झकास आहे, पण पुरावा म्हणून वापरू नका.

नेटवर शोधताना बाप-लेकांची गल्लत होते. धाकटा पीटर वडील गेले तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. पुढे त्याने वडिलांच्या चित्रांच्या ढीगभर प्रती काढल्या. चित्राखालचं साल १५६९ नंतरचं असेल तर ते थोरल्याचं नाही.

आता गुत्त्याची चित्रं. मुळात ‘गुत्ता’ या शब्दानेच घोळ होतो, डोळ्यांसमोर नुसते दारुडे येतात. पण यान स्टेन किंवा आद्रियान फान ओस्टाडे या सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या चित्रांत तिथे बायका आहेत, पोरं आहेत, जेवण आणि पत्ते चाललेत. मग पुढची चूक: असं रंगवणारा स्वतः दारुडाच असणार! स्टेनने १६७२ मध्ये लायडनला गुत्त्याचा परवाना काढला हे खरं, पण शेकडो चित्रं रंगवणाऱ्याचा हात दिवसभर प्यायलेला नसतो. (डच लोक पसारा पडलेल्या घराला अजून ‘यान स्टेनचं घर’ म्हणतात, हा भाग वेगळा.) गुत्त्याची चित्रं काढणारा आणखी एक, आद्रियान ब्राउवर, १६३८ मध्ये तिशी ओलांडतो न ओलांडतो तोच गेला, त्याची सतरा चित्रं खुद्द रुबेन्ससारख्या नामवंत चित्रकाराकडे होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं त्याचं ‘धूम्रपान करणारे’ बघा. मध्ये डोळे विस्फारून धूर सोडणारा तो स्वतःच, आणि सोबतीही चित्रकार, असं मानतात. गावठी टोळकं समजून आपण ज्यांना हसतो, ते हे!

स्टेनच्या चित्रात जमिनीवर पडलेल्या प्रत्येक फुटक्या अंड्यात नीतिबोध शोधण्याची हौसही आवरा. स्टेन कधी टोमणा मारतो, कधी नुसता मजा करतो.

आणि मोबाइलवर अंगठ्याएवढं चित्र बघून पुढे जाऊ नका. ब्रूगलची पंगत मुळात दीड मीटरहून रुंद आहे. खाली डावीकडे मोरपिसाची टोपी घातलेलं पोर ताटली पुसून बोट चाटतंय. झूम केल्याशिवाय ते बोट दिसत नाही.