सुट्टीला गावी आलाय तर आईवडिलांचा टीव्ही एकदा नीट लावून द्या

पुण्यामुंबईला नोकरीला असलेली आपल्या सांगली साताऱ्याकडची पोरं गणपती दिवाळीला घरी येतात, येताना मोठा स्मार्ट टीव्ही आणतात, भिंतीवर चढवतात, चार दिवस बघतात आणि परत जातात. मागं राहतात आईवडील, दोन तीन रिमोट आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'. मग ऐन मालिकेच्या टायमाला फोन येतो, "आरं टीव्ही लागंना झालाय". पोरगा मीटिंगमध्ये, शेजारचं पोरगं क्लासला, आणि मेकॅनिक बोलवला तर तो एक बटण दाबून पैसे घेऊन जातो. यातल्या बहुतेक तक्रारीत टीव्ही खराब झालेलाच नसतो, सेटिंगचा घोळ असतो, आणि तुम्ही एक दुपार दिली तर आई आप्पांना रोज कुणाच्या तोंडाकडं बघायची वेळ येत नाही. त्यांचा टीव्ही त्यांना स्वतःला लावता आला पाहिजे एवढंच डोक्यात ठेवून बसायचं.

सुरुवात त्या 'नो सिग्नल'पासूनच करा कारण सगळ्यात जास्त फोन त्याचेच असतात. टीव्ही वेगळा आणि सेट टॉप बॉक्स वेगळा हे आधी घरच्यांना दाखवा, नुसतं सांगू नका, मागची वायर हातात धरून दाखवा की ही बॉक्समधून निघाली आणि इथं एचडीएमआय १ मध्ये गेली. 'नो सिग्नल' दोन कारणांनी येतं. एक तर टीव्हीच्या रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण चुकून दाबलं जातं आणि टीव्ही दुसऱ्याच भोकाकडं बघत बसतो, नाहीतर टीव्ही चालू असतो पण बॉक्स झोपलेला असतो. तेव्हा आधी बॉक्सवरचा छोटा दिवा बघायचा, तो ठीक असेल तर सोर्स दाबून एचडीएमआय १ वर यायचं, बास. बऱ्याच टीव्हीत त्या इनपुटचं नाव बदलता येतं, तिथं 'सेट टॉप बॉक्स' असं ठेवा. आणि टीव्ही चालू केल्याकेल्या ॲपांचं जे होम पेज येतं ते बंद करून टाका. सेटिंगमध्ये चालू झाल्यावर शेवटचं इनपुट दाखव अशा अर्थाचा पर्याय असतो, सॅमसंगला ते ऑटोरन स्मार्ट हब नावानं असतं, एलजीला होम ऑटो लाँच, गूगल टीव्हीवाल्यांना पॉवरच्या सेटिंगमध्ये सापडेल. एवढ्यानं निम्मा ताप कमी होतो.

आता रिमोट. दोनाचा एक करता येतो का बघा. बऱ्याच बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं पॉवर आणि आवाजाचं बटण शिकवता येतं, कसं ते त्या कंपनीच्या पुस्तिकेत असतं. नाहीतर एचडीएमआय सीईसी नावाची सोय असते, सॅमसंग तिला ॲनिनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक आणि सोनी ब्राव्हिया सिंक, ती चालू केली आणि बॉक्सलाही ती सोय असली तर एक चालू केलं की दुसरं आपोआप चालू होतं. एकच रिमोट पुरतोय आणि सोर्सही त्यावरूनच बदलतोय असं झालं की टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या, कुठल्या खणात ते मात्र घरी सांगून ठेवा. उरलेल्या रिमोटवर लागणारी चार बटणं, चालू बंद, आवाज, चॅनेल आणि सोर्स, त्यांच्या शेजारी रंगीत टिकल्या चिकटवा. बटणावर चिकटवू नका, दोन दिवसात निघतात.

आणि रिमोट चालत नाही म्हणून नवा आणण्याआधी ही युक्ती करून बघा. मोबाईलचा कॅमेरा चालू करा, सेल्फीवाला असला तर बरं, रिमोटचं तोंड त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही पण मोबाईलच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाचा बल्ब जांभळट पांढरा लुकलुकताना दिसतो, कारण रिमोटचा किरण इन्फ्रारेड असतो आणि कॅमेऱ्याला तो पकडता येतो. लुकलुकला तर रिमोट चांगला आहे, मग टीव्हीच्या खालच्या पट्टीवर जिथं सेन्सर असतो तिथं क्रोशाचा रुमाल, गणपतीचा फोटो नाहीतर फुलदाणी आडवी आलीय का बघा, आपल्याकडं हमखास असते. लुकलुकला नाही तर सेल बदला, दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा घालू नका. आत पांढरं साठलं असेल तर पॉलिश पेपरनं पत्र्या हलक्या हातानं घासून घ्या. रिमोटला चढवलेली प्लास्टिकची पिशवी धुळीनं पिवळी पडली असेल तर तीही बदला. (ब्लूटूथवाल्या रिमोटला ही कॅमेऱ्याची परीक्षा लागू पडत नाही, फक्त पॉवरच्या बटणाला पडते कधीकधी.)

आवाजाची तक्रार म्हातारी माणसं बोलून दाखवत नाहीत, नुसता आवाज वाढवत जातात, आणि जाहिरात लागली की सगळी गल्ली ऐकते. पातळ टीव्हीचे स्पीकर मागं नाहीतर खाली असतात, त्यामुळं पार्श्वसंगीत धडाधडा आणि सासूसुनेचं बोलणं पुटपुटल्यासारखं होतं. साउंड मोडमध्ये क्लिअर व्हॉइस किंवा तसल्या नावाचं जे असेल ते लावा, ऑटो व्हॉल्यूम चालू करा म्हणजे जाहिरातीला आवाज एकदम उसळत नाही, आणि बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी असेल तर ते काढून स्टिरिओ करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानंच बोलणं उठून येतं. जाहिरातींचं म्हणाल तर नियमात तासाला १२ मिनिटांची मर्यादा लिहिलेली आहे, पण आपल्या हातात आवाजच आहे तर तो तरी आवरून ठेवू.

चित्रातलं एकच सांगतो. जुना सिनेमा लावला आणि तो घरगुती शूटिंगसारखा गुळगुळीत दिसायला लागला तर टीव्ही मधल्यामध्ये स्वतःच्या मनानं फ्रेम घुसडतोय. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो, असं ज्याचं त्याचं नाव असतं, ते बंद करा. क्रिकेट बघणारे आप्पा घरात असतील तर त्यांना आधी विचारा, काहींना मॅचला ते आवडतं.

पावसाचं वेगळं. छत्री लावलेल्या घरात, त्यातून पाटण महाबळेश्वरच्या बाजूला, जोराची सर आली की चित्र फुटणारच, कारण त्या लहरी पावसाच्या थेंबात शोषल्या जातात, त्याला कुठलं सेटिंग नाही. सर ओसरेपर्यंत थांबायचं आणि कुणीही भिजल्या पत्र्यावर चढायचं नाही, हे वडलांना अगदी बजावून सांगा कारण ते चढतात. पाऊस थांबून उघडलं तरी सिग्नल नसेल तर छत्रीवरच्या जोडात पाणी गेलंय किंवा छत्री हलली आहे. जाण्याआधी वायर घरात शिरते तिथं खाली एक झोल देऊन ठेवा म्हणजे पाणी झोलावरून गळतं आणि भिंतीत उतरत नाही.

वायफायवर चालणारा टीव्ही अडकत असेल तर जुन्या घराच्या जाड भिंती आधी आठवा. राउटरला बहुतेक दोन नेटवर्क असतात, ५ गिगाहर्ट्झचं वेगवान पण भिंतीला लवकर दमतं, २.४ वालं हळू पण लांब पोचतं. टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल तर २.४ लावा, आणि शक्य असेल तर राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढा, कायमची कटकट जाते. लाईट गेली की राउटर बंद पडतो, त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो लावून द्या, पण राउटरच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट किती लिहिलंय ते बघूनच.

पैशाकडंही बघा. २०१९ पासून आपल्याला हवे तेवढेच चॅनेल निवडता येतात तरी घरोघर कुणीतरी लावून दिलेला भला मोठा पॅक चालूच असतो. आईला विचारा ती कुठले चॅनेल बघते, पाच सहाच निघतील, ते ठेवा. ओटीटीचं फुकट महिनावालं काही चालू झालंय का ते यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेमध्ये जाऊन तपासा आणि नको ते तिथंच रद्द करा. कुणी फोन करून रिचार्ज बंद पडेल, ओटीपी सांगा म्हणालं तर ठेवून द्यायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० ला लावायचा, हा नंबर मोठ्या अक्षरात टीव्हीशेजारी लिहून चिकटवा.

नातवंडांचा अभ्यास आणि मालिका एकाच वेळी हा तर घराघरातला वाद. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये गावात भोंगा लावला, संध्याकाळी सातला वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद आणि पोरं अभ्यासाला. मला तो निर्णय मनापासून आवडतो. तुमच्या गावात भोंगा नसला तरी मालिका दुसऱ्या दिवशी परत लागते किंवा ॲपवर सापडते, ती कुठं आणि कशी लावायची ते आईला शिकवलं तर सातची वेळ पोरांसाठी सोडायला ती तयार होते, कुणी जबरदस्ती करायला लागत नाही.

सगळं झालं की रिमोट आईच्या हातात द्या आणि तुम्ही हात लावू नका. मुद्दाम सोर्स बदला, बॉक्स बंद करा, आणि तिला परत आणायला सांगा, वेळ लागू दे, मधे बोलू नका. नंतर रिमोटचा, टीव्हीच्या मागच्या वायरींचा आणि बॉक्सच्या दिव्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये काढून ठेवा, म्हणजे पुढं कधी फोन आलाच तर "वरून तिसरं, टिकलीच्या शेजारचं बटण" असं समोर बघून सांगता येतं.