मॉरिशसला शिकताय? मग वीकेंडचा प्लॅन वारा बघून करा

मॉरिशसला शिकायला आलेल्या मुलांचं पहिले काही आठवडे ठरलेलं असतं, रील्स बघायच्या, जागांची लांबलचक यादी करायची आणि शनिवारी अकरा वाजता उठून कुठेच जायचं नाही. ती यादी ठेवा बाजूला. इथला वीकेंड दोनच गोष्टींवर ठरतो: वारा कुठून येतोय आणि परतीची शेवटची बस कधी आहे.

आधी वारा. मे ते ऑक्टोबर इथला हिवाळा, त्यात आग्नेयेकडून वारा नुसता सुटलेला असतो, बेल मारसारख्या पूर्वेकडच्या बीचवर वाळू उडून पायाला टोचते आणि पाणी पण गार लागतं. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाक किंवा उत्तरेला त्रू ओ बिश मस्त शांत असू शकतं, कारण मधलं पठार नि डोंगर वारा अडवतात. म्हणून हिवाळ्यात पश्चिम आणि उत्तर, पूर्व किनारा उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. आणि मधल्या पठारावरच्या क्युरपिपला राहत असाल तर खिडकीबाहेर पाऊस दिसला म्हणून प्लॅन कॅन्सल करायचा नाही हां, तिथे पाऊस असतोच, तासाभरात बीचवर पोचलं की तिकडे कडक ऊन, सनस्क्रीन घरी राहिलेलं आणि दुपारपर्यंत पाठ लालेलाल.

आता बस. बेट लहान आहे, साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, पण "लहानच तर आहे" म्हणून निघालं की फसायला होतं, कारण बस गावोगाव थांबत जाते. शहरी रूटवर जरा उशिरापर्यंत असते, किनाऱ्याकडच्या रूटवर मात्र संध्याकाळी लवकरच बंद होते. चढतानाच कंडक्टरला शेवटची बस विचारून घ्यायची, आणि एवढ्यावर न थांबता उतरल्यावर स्टॉपवरच्या एखाद्या मावशींना पण विचारायचं, दोन्ही उत्तरं जुळली तर निर्धास्त फिरा. फ्लिक आँ फ्लाकचा सूर्यास्त सगळ्यांनाच बघायचा असतो, पण हिवाळ्यात सूर्य सहाच्या आधीच बुडतो आणि मग पटकन अंधार पडतो, तेव्हा शेअर टॅक्सीचं आधीच ठरवून ठेवा. युनिव्हर्सिटी रेद्युईला असेल तर मेट्रो हाताशी आहेच, रोझ हिलला बदलून एका बाजूला राजधानी पोर्ट लुई, दुसऱ्या बाजूला कात्र बोर्न आणि क्युरपिप, तिथून पुढे बस.

पहिला ट्रेक ल पूसचा करा. ८१२ मीटर, सुरुवातीला उसाचे फड, मग झाडी, आणि शेवटच्या टप्प्यात हाताने धरून चढायचा खडक. १८३६ मध्ये डार्विनही इथे चढून गेला होता. वर पोचलं की एका बाजूला पोर्ट लुईचं बंदर आणि दुसऱ्या बाजूला मोका. आरामात चढलात तरी अर्ध्या दिवसात होतो.

ल मोर्न त्यापेक्षा कमी उंच, ५५६ मीटर, तरी जास्त अवघड. पहिला अर्धा रस्ता अगदी सोपा, म्हणून लोक साधे सँडल घालून येतात आणि पुढचा उभा खडक बघून तिथेच बसून राहतात. शूज ग्रिपवाले, पाणी दोन लिटर, सकाळी उजाडतानाच निघायचं, आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला. बहुतेक जण वरच्या क्रॉसपाशी थांबतात, तिथून निळ्या पाण्याचे सगळे रंग एकदम दिसतात. पण इथे जाताना हेही डोक्यात असू द्या की पळून आलेले गुलाम या डोंगरात लपून राहायचे, त्यामुळेच २००८ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. वरती स्पीकर लावून नाचू नका प्लीज.

समुद्राचं म्हणाल तर बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची रीफ आहे, तिच्या आतलं पाणी उथळ आणि शांत. जिथे रीफ नाही तिथे लाटा थेट अंगावर, दक्षिणेला ग्री ग्रीला तेच होतं, तिथे फोटो काढा, पोहायला उतरू नका. रीफच्या आतल्या या शांत पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये सुद्धा वॉटर शूज हवेतच, कारण काटेरी सी-अर्चिन असतात आणि स्टोनफिश नावाचा मासा अगदी दगडासारखा दिसतो, पाय पडला तर विषारी काटा जातो. तसं झालं तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय धरायचा आणि ताबडतोब हॉस्पिटल. स्नॉर्कलिंगसाठी ब्लू बे, तिथे मरीन पार्क आहे, प्रवाळावर उभं राहायचं नाही.

खाण्यावर खर्च करायची गरजच नाही. ढोल पुरीच्या गाडीवर जोडीने पुऱ्या मिळतात, पातळ, मऊ, आत पिवळ्या डाळीचा भुगा, वरून घेवड्याची भाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा आणि चटणी, कागदात गुंडाळून हातात. उभ्या उभ्या खाताना रस कोपरापर्यंत ओघळतो, आधी नॅपकिन मागून घ्या. तिखट कमी सांगितलं तरी माझ्या मते तिखटच येतं. रविवारी पब्लिक बीचवर सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं पातेली घेऊन बसलेली असतात, तेव्हा सावलीची जागा हवी असेल तर दहाच्या आत पोचा.

कंटाळा आला असेल किंवा हवा खराब असेल तर पोर्ट लुई, पण शनिवारी सकाळीच, रविवारी दुपारनंतर सगळं शहर सामसूम. बाजारात आलुदा, म्हणजे फालुद्यासारखं गार दूध प्यायचं, मग चालत अप्रवासी घाटावर. १८३४ पासून भारतातून आलेले करारबद्ध मजूर इथूनच आत आले, दगडी पायऱ्या अजून आहेत.

नोव्हेंबर ते एप्रिल मात्र चक्रीवादळांचे दिवस. इशारे क्लास १ ते ४ असे येतात, क्लास ४ म्हणजे बाहेर पाऊल टाकायचं नाही. क्लास १ लागला की लांबचा प्लॅन सोडून द्या आणि पिण्याचं पाणी, बिस्किटं, मेणबत्त्या, पॉवरबँक भरून ठेवा, नंतर सुपरमार्केटमध्ये ही झुंबड उडते. आणि कुणी "लाटा बघायला जाऊया" म्हणालं तर त्याचे शूज लपवा.